शिबपूरचे बिनकाचेचे हरितगृह

कोलकात्यात नेमणूक झालेल्या मराठी माणसाकडे पहिल्याच हिवाळ्यात गावाकडची पाहुणेमंडळी येऊ लागतात. दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि व्हिक्टोरिया मेमोरियल पाहून झाले की एके दिवशी विद्यासागर सेतू ओलांडून त्यांना शिबपूरच्या वनस्पती उद्यानात नेणे हे यजमानाचे कर्तव्यच ठरते. तेथे सर्वांचे पाय प्रथम त्या सुप्रसिद्ध वटवृक्षाकडे वळतात. मूळ खोड १९२५ साली कापून काढल्यानंतरही केवळ पारंब्यांच्या आधारे उभा असलेला हा वड पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज दुसऱ्याच गोष्टीविषयी लिहायचे आहे.

आमच्याकडे आलेले मामा राज्याच्या कृषी खात्यातून निवृत्त झालेले. वड पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, "अरे, एवढी जुनी इंग्रजांची बाग, आणि चित्रांत असते तसले काचघर इथे कसे नाही?" मी त्यांना ताडगृहाकडे घेऊन गेलो. लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी आणि जाळीवर चढलेल्या वेलींची हिरवी सावली. आत गारवा होता. मामांनी वर पाहिले, खाली पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे हे आपले शेडनेटच झाले की!"

मामांचे निदान अचूक होते. परंतु या साध्या छायागृहापर्यंत पोहोचण्यास बागेला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची हकिकत केवळ वनस्पतिशास्त्राची नाही. सरकारी कामात अपयश कसे सांभाळावे, आणि कसे सांभाळू नये, याचीही ती हकिकत आहे.

एका सचिवाचा प्रस्ताव

बागेचा जन्म एका सरकारी पत्रातून झाला. फोर्ट विल्यममधील लष्करी खात्याचे सचिव लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट किड यांनी १ जून १७८६ रोजी गव्हर्नर जनरल जॉन मॅकफर्सन यांच्याकडे प्रस्ताव पाठविला. किड हे व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. बागकामाचे वेड असलेले अधिकारी होते. केवळ नवलाईची किंवा चैनीची झाडे जमविणे हा आपला उद्देश नसून, येथील रहिवाशांना व ब्रिटनच्या प्रजेला उपयुक्त ठरतील अशा वनस्पतींचा साठा करून त्यांचा प्रसार करणे, आणि त्यातून पुढे व्यापार वाढविणे, हा उद्देश असल्याचे त्यांनी स्पष्ट केले होते. कंपनीच्या संचालकांची मंजुरी ३१ जुलै १७८७ ची आहे. हुगळीच्या पश्चिम तीरावर तीनशेहून अधिक एकर जमीन घेऊन बाग सुरू झाली. किड हेच तिचे पहिले अधीक्षक झाले, तेही मानद.

या प्रस्तावामागे १७७० च्या दुष्काळाची छाया होती. बंगाली माणूस त्याला आजही 'छियात्तरचे मन्वंतर' म्हणून ओळखतो, कारण ते बंगाली सन ११७६ होते. मलायातील सागूचा ताड आणि इराणी खजूर येथे रुजविले तर पीक बुडाल्यावरही माणसांच्या तोंडी काही लागेल, असे किड यांना वाटत होते. आपल्या उपवासाच्या साबुदाण्याने नाव घेतले ते याच सागूचे. पदार्थ मात्र आज कसाव्याच्या कंदाचा असतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून येथे थोडे थांबावेसे वाटते. किड यांची कळकळ खरी होती, परंतु निदान अपुरे होते. १७७० च्या दुष्काळात पाऊस रुसला हे खरे. पण महसुलाची वसुली थांबली नाही. इतकी माणसे मेल्यानंतरही १७७१ ची वसुली १७६८ पेक्षा अधिक झाली, हे पुढे वॉरन हेस्टिंग्ज यांनीच संचालकांना कळविले होते. दुष्काळात माणूस मरतो तो केवळ अन्न नसल्यामुळे नव्हे, तर अन्नावरचा त्याचा हक्क कोसळल्यामुळे, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडले. सागूचा ताड त्यावरचा उपाय नव्हता. महसूल धोरणाच्या दुखण्यावर वनस्पतिशास्त्राचा लेप लावण्याचा तो प्रयत्न होता. अशा लेपांच्या योजना मी माझ्या नोकरीत काही कमी पाहिल्या नाहीत. त्यांतील एक-दोन मीच तयार केल्या असल्याने किड यांना हसण्याचा अधिकार मला नाही.

जे रुजले नाही

प्रस्तावात आश्वासने बरीच होती. जायफळ, लवंग, दालचिनी, मिरी यांच्या व्यापारावर डचांची पकड होती. हे मसाले बंगालमध्ये पिकविता आले तर ती सैल होईल, ही आशा होती. जहाजबांधणीसाठी साग हवा होता. किड यांनी या साऱ्यांची लागवड केली.

मसाले टिकले नाहीत. ज्यांना बारमाही दमट उष्मा हवा, त्या झाडांना बंगालचा कोरडा, भाजणारा चैत्र-वैशाखही सोसेना आणि पौषातली थंडीही सोसेना. सागाची गोष्ट अधिक लांबली. गंगेच्या गाळाच्या जमिनीत साग उंच गेला, पण लाकूड चांगले निघेना. तीस-पस्तीस वर्षे वाट पाहून तो प्रयोग सोडून देण्यात आला. सागवनाचा बराच भाग १८२० साली बिशप्स कॉलेजला देण्यात आला. पुढे १८८० मध्ये त्या वास्तूत अभियांत्रिकी महाविद्यालय आले, आणि आज तेथे शिबपूरची राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्था आहे. तिच्या आवारात फिरणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण एका फसलेल्या सागवनात शिकतो आहोत, याची कल्पना नसावी.

म्हणजे मूळ प्रस्तावातील मुख्य उद्दिष्टे पाहिली तर योजना असफल. आजच्या एखाद्या मूल्यमापन समितीने हा शेरा दोन ओळींत मारला असता. पण या बागेचा इतिहास लिहिणारे जॉर्ज किंग यांनी शंभर वर्षांनंतर याच गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. कोणती मौल्यवान झाडे बंगालमध्ये वाढू शकत नाहीत, हे बागेने प्रत्यक्ष लागवडीने सिद्ध केले आणि त्यामुळे पुढचा पैसा व वेळ वाचला, याची त्यांनी बागेच्या कामगिरीत गणना केली. 'काय होत नाही' हे ज्ञान सार्वजनिक असते; ते मिळविण्याचा खर्च एकाने केला की इतरांचा वाचतो. खासगी मळेवाला असा खर्च करीत नाही, आणि केलाच तर त्याचे निष्कर्ष शेजाऱ्याला सांगत नाही. सरकारी बागेचे समर्थन करण्यास एवढे एक कारण पुरेसे आहे. अट मात्र एकच: निष्कर्ष लिहून ठेवलेला हवा.

नोंदींचा माणूस

किड १७९३ मध्ये वारले. आपल्याला आपल्याच बागेत, कोणत्याही धर्मविधीविना पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात त्यांचे दफन पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत झाले. त्यांच्या जागी मद्रास इलाख्यातील सामलकोट येथे काम केलेले डॉक्टर विल्यम रॉक्सबर्ग आले आणि बागेला लिहिण्याची शिस्त लागली.

रॉक्सबर्ग यांनी वीस वर्षे येणाऱ्या प्रत्येक झाडाची नोंद ठेवली, हिंदी चित्रकारांकडून अडीच हजारांच्या आसपास वनस्पतिचित्रे काढून घेतली आणि त्यांचा एक संच विलायतेला पाठवून दुसरा बागेत ठेवला. बागेतील सुमारे साडेतीन हजार वनस्पतींची त्यांची यादी १८१४ साली सेरामपूरच्या छापखान्यात विल्यम केरी यांनी छापली. हे नाव आपल्याला परके नाही. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध करणारे केरी ते हेच. आपल्या रानात उन्हाळ्याच्या तोंडी फुलणाऱ्या कुंभ्याच्या झाडाला शास्त्रीय नावात 'केरिया' म्हणतात, ते रॉक्सबर्ग यांनी या मित्राच्या सन्मानार्थ ठेवलेले नाव आहे.

आणि गंमत अशी की, लवंग-जायफळाच्या मागे लागलेल्या या बागेकडून बंगालच्या अर्थव्यवस्थेला खरी दिशा मिळाली ती दारात उगवणाऱ्या तागामुळे. दोरखंडाला लागणाऱ्या धाग्यांची तुलना करताना रॉक्सबर्ग यांनी १७९० च्या दशकात तागाचा नमुना लंडनला पाठविला. हुगळीकाठी रिश्रा येथे पहिली ताग गिरणी १८५५ मध्ये सुरू झाली, आणि पुढे हा किनारा गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. किड यांच्या प्रस्तावात असले काही नव्हते.

काच विलायतेत, सावली बंगालमध्ये

रॉक्सबर्ग यांच्यानंतर बाग दीर्घकाळ नॅथॅनिएल वॉलिक या डॅनिश डॉक्टरांच्या हाती होती. वॉलिक यांचा हात सढळ होता. १८३६ ते १८४० या काळात बागेने सुमारे १ लाख ९० हजार रोपे जवळजवळ दोन हजार उद्यानांना विनामूल्य दिली, असे जोसेफ हूकर यांनी नोंदविले आहे.

याच काळात काचेचा संबंध आला, पण उलट्या दिशेने. वॉलिक यांनी १८२७ साली ब्रह्मदेशातून आणलेला ॲमहर्स्टिया हा लालभडक फुलांचा वृक्ष मिळविण्यासाठी डेव्हनशायरच्या ड्यूकने जॉन गिब्सन नावाचा आपला माळी १८३५ मध्ये कोलकात्यास धाडला. तिकडे चॅट्सवर्थला या झाडांसाठी अवाढव्य काचघर उभे राहत होते, ज्यात हिवाळाभर कोळसा जाळून उष्मा निर्माण केला जाई. रोपे गेली ती लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी शोधलेल्या काचेच्या बंद पेट्यांतून. या पेटीत मातीतील ओल बाष्प होऊन काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. त्यामुळे महिनोन्‌महिने पाणी न घालताही रोप जगे आणि खाऱ्या वाऱ्यापासून वाचे. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चिनी चहाचे बी अशाच पेट्यांतील मातीत पेरून पाठविले. कोलकात्यास पेट्या उघडल्या तेव्हा त्यांत चहाची दाट रोपे उगवलेली होती. तेथून ती हिमालयाच्या पायथ्याकडे गेली.

शिबपूरला काचघर का नाही, याचे उत्तर यातच आहे. विलायतेतील हरितगृह झाडाला ऊब देण्यासाठी असते. बंगालमध्ये उबेचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा होता सावलीचा आणि हवेतील ओलाव्याचा. वैशाखात काचेखाली ठेवलेले रोप शिजून गेले असते. बंगालच्या पानमळेवाल्याला ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. बांबूच्या ताट्या आणि गवताचे विरळ छप्पर घालून तो 'बरोज' उभारतो आणि त्याच्या सावलीत विड्याची पाने पिकवितो.

उत्तराधिकाऱ्याचा उत्साह

१८४२ मध्ये वॉलिक आजारपणामुळे दीर्घ रजेवर गेले आणि विल्यम ग्रिफिथ यांच्याकडे प्रभारी कार्यभार आला. दोघांचे पूर्वीपासूनच पटत नसे. १८३५-३६ मध्ये आसामच्या रानटी चहाची पाहणी करताना ते एकत्र होते, आणि त्या प्रवासात कटुता वाढली होती.

ग्रिफिथ हे असामान्य बुद्धीचे शास्त्रज्ञ होते. बाग रमणीय आहे पण शास्त्रीय नाही, झाडे वर्गवारीनुसार लावलेली नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता, आणि त्यात तथ्य होते. त्यांनी शास्त्रीय मांडणीची आखणी केली आणि ती अमलात आणण्यासाठी जुनी डेरेदार झाडे तोडली. सायकसची देखणी दुतर्फा रांगही गेली. झाडे तोडणे काही महिन्यांचे काम होते. नव्या मांडणीला मात्र पंचवीस-तीस वर्षे लागणार होती, आणि ग्रिफिथ यांच्याकडे दोन-अडीच वर्षांचा प्रभार होता. १८४४ च्या अखेरीस वॉलिक परतले आणि बागेची अवस्था पाहून हादरले. १८४५ च्या फेब्रुवारीत ग्रिफिथ मलाक्का येथे वारले. त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. पुढच्याच वर्षी वॉलिक बाग सोडून गेले. १८४८ मध्ये हूकर येथे आले तेव्हा त्यांना उन्हात तापणारी अर्धवट मोकळी जमीन दिसली. उष्ण प्रदेशातील उपयुक्त व शोभेच्या वनस्पती जगभर पोहोचविण्यात या बागेची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही संस्थेने केली नाही, असे लिहिणाऱ्या हूकर यांनी, सावली देणारी झाडे गेल्यामुळे झालेली हानीही त्याच पुस्तकात लिहून ठेवली.

शासकीय सेवेतील वाचकांना यात ओळखीचे काही दिसेल. नवा अधिकारी येतो, आधीच्याच्या कामातले दोष त्याला पहिल्या आठवड्यात दिसतात, आणि बहुधा ते खरेही असतात. त्या दोषांच्या सावलीत काय काय वाढते आहे, हे दिसायला मात्र एक-दोन उन्हाळे जावे लागतात. तोवर बदलीचा हुकूम येतो.

वादळानंतर

उरलेसुरले काम निसर्गाने केले. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात नदीचे पाणी बागेत शिरले आणि हजाराहून अधिक झाडे पडली. १८६७ च्या वादळाने आणखी शेकडो नेली. १८७१ मध्ये डॉक्टर जॉर्ज किंग अधीक्षक झाले तेव्हा त्यांच्या वाट्याला आले ते जवळजवळ वृक्षहीन, रानगवताने माजलेले, पावसाळ्यात पाणी साचणारे मैदान.

किंग यांनी पंचवीसहून अधिक वर्षे येथे काढली. त्यांनी ग्रिफिथप्रमाणे कागदावरून सुरुवात केली नाही, जमिनीवरून केली. सखल भागात तळी खोदली, त्यांची माती आजूबाजूला टाकून जमीन उंचावली, आणि तळी जमिनीखालून नळांनी एकमेकांना व नदीला जोडली. यामुळे पाण्याचा निचरा झाला, उन्हाळ्यासाठी साठा झाला आणि शोभाही आली. मग रस्ते आखले, दुतर्फा झाडे लावली. आणि मग वनस्पतिगृहे बांधली: लोखंडी खांब, वर तारेची जाळी, जाळीवर गवताचा पातळ थर आणि त्यावर सोडलेल्या वेली. ऊन गाळून आत यावे, कोरडा वारा अडावा, ओल टिकावी. लोखंड विलायती पद्धतीचे, तत्त्व पानमळ्याचे. बंगळूरच्या लालबागेत १८८९ मध्ये काचघराची पायाभरणी झाली, आणि ते देखणेही आहे. पण त्याची ख्याती पुष्पप्रदर्शनांसाठी आहे. झाडे वाढविण्यासाठी किंग यांनी सावलीच निवडली.

त्यांच्या काळातच १८९० मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली आणि किंग तिचे पहिले संचालक झाले. सिंकोनाचा कारभारही त्यांच्याकडेच होता. या झाडाची रोपे त्यांच्या आधीचे अधीक्षक थॉमस अँडरसन यांनी १८६१ मध्ये जावाहून आणली होती. शिबपूरचा उष्मा त्यांना मानवणार नाही, हे ओळखून ती दार्जिलिंगच्या डोंगरात नेली गेली. जायफळाच्या अपयशाने शिकविलेला धडा येथे कामी आला, असे मला वाटते. त्या सालीपासून सरकारी कारखान्यात क्विनाइन तयार होऊ लागले, आणि १८९२ पासून बंगालच्या टपाल कचेऱ्यांत त्याची पुडी एका पैशाला मिळू लागली. दुष्काळ हटविण्यासाठी काढलेल्या बागेने दुष्काळ हटविला नाही. पण हिवतापाने फणफणलेल्या खेड्यातील माणसाच्या हाती, पोस्टमनच्या हातून, औषधाची पुडी पोहोचली, त्यामागे ही बाग होती.

माझ्या फाइलीतील साग

हे सारे मी का लिहितो आहे? काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात असताना एक प्रायोगिक योजना बंद करण्याची टिपणी मी लिहिली होती. उद्दिष्टे साध्य झाली नाहीत, सबब योजना गुंडाळावी, असा तिचा आशय होता. टिपणी बिनचूक होती आणि ती तत्काळ मंजूर झाली. परंतु योजना कोणत्या जिल्ह्यात का फसली, कोणत्या महिन्यात पैसे पोहोचले नाहीत, लोकांनी काय नाकारले आणि कोणत्या कारणाने, यांतले काहीही मी लिहून ठेवले नाही. क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना ते सारे ठाऊक होते. त्यांच्या बदल्या झाल्या. सहा वर्षांनी तीच योजना नव्या नावाने दुसऱ्या टेबलावर आली, आणि त्या अधिकाऱ्याने मला दूरध्वनी करून विचारले, "साहेब, मागच्या वेळी नेमके काय झाले होते?" माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. पैसे दुसऱ्यांदा खर्च झाले.

किड यांचा साग वाढला नाही, याचे मला वैषम्य वाटत नाही. तो का वाढला नाही हे आपल्याला आज सांगता येते, आणि माझ्या योजनेविषयी सांगता येत नाही, याचे वाटते.

आपल्या पुण्याजवळ दापोडीलाही १८२८ साली कंपनी सरकारने वनस्पती उद्यान सुरू केले होते. १८६५ मध्ये ते बंद झाले. शिबपूरची बाग मात्र टिकली. २००९ मध्ये तिला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव मिळाले, आणि २०२० च्या मे महिन्यात अम्फान वादळात पुन्हा शेकडो झाडे पडल्यावर पुन्हा लागवडीचे काम हाती घेतले गेले. किड, रॉक्सबर्ग यांची स्मारके तेथे आहेत, आणि ग्रिफिथ यांचेही आहे. रॉक्सबर्ग यांची चित्रे काढणाऱ्या बहुतेक हिंदी चित्रकारांची नावे मात्र आज ठाऊक नाहीत. वॉलिक यांच्या काळातील विष्णुप्रसाद आणि गोराचंद यांच्यासारखी मोजकीच नावे उरली आहेत. नोंद ठेवणाऱ्यांनीही सर्वांची नोंद ठेवली नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

मामांना परतीच्या गाडीत बसवून दिले तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या त्या बागेतली सावली मात्र छान होती." त्यानंतरच्या बदलीच्या वेळी कार्यभार सुपुर्द करताना मी नेहमीच्या कागदांना एक जादा पान जोडले. त्यावर शीर्षक घातले होते : 'येथे करून पाहिलेल्या आणि न जमलेल्या गोष्टी'. पहिली नोंद माझ्याच एका निर्णयाची होती. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने ते पान वाचले की नाही, मला माहीत नाही. पण ते फाइलीत आहे.